गावाच्या संगणकी फलकाला केवढं यंत्र लागतं? 'सर्व्हर'च्या कोटेशनवर सही करण्याआधी हा हिशोब करून बघा

आवर्तन कधी सुटणार, कोणत्या चारीची पाळी कोणत्या रात्री, खताची गाडी कधी येणार, दुधाचा हप्ता कधी जमा होणार, ग्रामसभेची तारीख कोणती, ही सगळी माहिती पूर्वी चावडीसमोरच्या फळ्यावर खडूने लिहिली जायची. आता ती व्हॉट्सअपच्या ग्रुपवर पडते. पण तिथे सुप्रभातच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकखाली कामाची सूचना तासाभरात गाडली जाते. फोन बदलला की जुनं निघून जातं. मग चारीवर भांडण होतं. एक म्हणतो, मला पाळी कळवलीच नव्हती. दुसरा म्हणतो, ग्रुपवर टाकली होती. दाखवायला मात्र कोणाकडेच काही नसतं.

म्हणून पाणी वापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, सोसायट्या आणि काही ग्रामपंचायती स्वतःचा संगणकी सूचना फलक लावायचा विचार करतात. एक यंत्र संस्थेच्या खोलीत चोवीस तास चालू ठेवायचं. सभासदांनी आपापल्या फोनवरून त्याला जोडून घ्यायचं, सूचना वाचायची, खाली आपलं म्हणणं लिहायचं. कोणी काय आणि कधी लिहिलं ते तारखेसकट कायम राहतं. कल्पना चांगली आहे, घोडं अडतं ते यंत्राच्या खरेदीवर. शहरातून कोटेशन येतं, त्यावर 'सर्व्हर' असा शब्द असतो आणि पुढे साठ, सत्तर, ऐंशी हजारांचा आकडा. कमिटी एक तर घाबरून विषय बंद करते, नाहीतर सभासदांचे पैसे नको तिथे घालते. खरं तर अशा कामाला लागणारं यंत्र बहुतेक ठिकाणी वीस हजारांच्या आत बसतं. ते कसं, हे पुढे सविस्तर.

आधी काम मोजा, मग यंत्र

बैलजोडी घेताना रान किती आहे ते आधी बघतात. इथेही तसंच करायचं. समजा, संस्थेचे सभासद ३०० आहेत. संध्याकाळी सात ते आठ या तासात सगळेच्या सगळे फलक उघडतात आणि प्रत्येक जण दहा पानं बघतो. म्हणजे तासाभरात ३,००० पानं. तासाचे सेकंद ३,६००. सेकंदाला एक पानसुद्धा पडत नाही. पाणी सुटल्याची बातमी आली आणि हीच गर्दी दहा मिनिटांत झाली, तरी सेकंदाला पाच पानं होतात. दहा वर्षांपूर्वीचा साधा ऑफिसातला संगणकसुद्धा हे काम बसल्या बसल्या करतो.

आता साठवणीचा हिशोब. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेतं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. पाचशे चिन्हांची सूचना म्हणजे फार तर दीड केबी. दिवसाला चाळीस सूचना आणि उत्तरं पडली तर ६० केबी. वर्षाला २२ एमबीच्या आसपास. दहा वर्षांचा सगळा लेखी व्यवहार २२० एमबीत मावतो. खिशातला सगळ्यात स्वस्त पेनड्राइव्हसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

जागा खातात ते फोटो. आजच्या फोनवर काढलेला एक फोटो सहज तीन एमबीचा असतो. दिवसाला वीस फोटो चढले तर ६० एमबी, वर्षाला २२ जीबी. म्हणजे लेखनापेक्षा हजारपट. पण फलकावर चढताना फोटो आपोआप लहान होऊन २०० केबीचा व्हावा, अशी व्यवस्था बसवणाऱ्याकडून करून घेतली तर तेच काम वर्षाला दीड जीबीत भागतं. पानावरची रोगाची लागण, फुटलेली चारी, वजनाची पावती, हे सगळं २०० केबीच्या फोटोत नीट दिसतं. एवढी एक सेटिंग केली की मोठ्या डिस्कचा खर्च वाचतो.

हा हिशोब कोटेशन देणाऱ्यापुढे ठेवावा. एकाच वेळी जास्तीत जास्त किती माणसं, वर्षाला किती जीबी, हे दोन आकडे त्याने धरलेले नसतील, तर त्याने यंत्र अंदाजाने निवडलं आहे असं समजावं.

एका टेलिफोन लाइनवर चाललेला फलक

संगणकावरचा सूचना फलक ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत शिकागोमध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी १९७८ च्या फेब्रुवारीत असा पहिला फलक सुरू केला. जानेवारीत तिथे मोठं हिमवादळ झालं होतं, घराबाहेर पडता येत नव्हतं, त्या दिवसांत हे काम त्यांनी हाती घेतलं. त्यांचा संगणक आजच्या साध्या फोनपुढे काहीच नव्हता. मोडेममधून सेकंदाला साधारण तीस अक्षरं जायची. टेलिफोनची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. एकाने फोन ठेवला की दुसऱ्याचा नंबर लागायचा. तरीही तो फलक वर्षानुवर्षं चालला आणि त्यावर अडीच लाखांहून जास्त कॉल आले.

त्या काळात एकापेक्षा जास्त लोकांना एकदम आत घ्यायचं तर प्रत्येकामागे वेगळी लाइन आणि वेगळा मोडेम लागायचा. खर्च माणसागणिक वाढायचा. आज ती अडचण उरलेली नाही. एका वाय-फाय राउटरवर अनेक फोन एकदम बसतात, यंत्र तेच राहतं. म्हणून 'अनेक वापरणारे' या शब्दाला घाबरून मोठं यंत्र घ्यायचं कारण नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरचं आहे. वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली आणि गावोगावी संगणक केंद्रं बसवली गेली. ऊस उत्पादकाला लागणारी माहिती तशी थोडकीच: तोडीची परवानगी, वजन, खताचा हिशोब, बिल. पुढे संगणक जुने झाले, दुरुस्ती आणि देखभाल महाग पडू लागली. तेव्हा सात गावांत एक प्रयोग झाला. संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर दिली गेली. काम झालं आणि खर्चही कमी आला. यंत्र विकत घेताना जो खर्च दिसतो तो एकदाचा असतो. ते पाच वर्षं चालवायचा खर्च तेव्हा दिसत नाही, आणि योजना बंद पडतात त्या याच खर्चापायी.

बाजारात काय काय मिळतं

पहिला पर्याय, कपाटात पडलेला जुना डेस्कटॉप. तो फुकट असतो म्हणून आधी त्याचाच विचार होतो. चालतो, पण चोवीस तास चालू ठेवायचं म्हटल्यावर तो वीज खातो. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

दुसरा पर्याय, वापरलेला छोटा पीसी. पुस्तकाएवढा डबा, बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर. बँका आणि कंपन्या तीन-चार वर्षांनी असे संगणक काढून टाकतात, ते साफ करून पुन्हा विकले जातात. सध्या यांचा मोसम आहे म्हटलं तरी चालेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडताहेत. फलकासाठी विंडोज लागतच नाही. डेबियन किंवा उबुंटू ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली त्यांवर झकास चालते. आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेलं असं यंत्र साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतं. रॅम आणि एसएसडीचे भाव वर-खाली होत असतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावं.

तिसरा पर्याय, रास्पबेरी पाय. पत्त्याच्या कॅटएवढा उघडा बोर्ड. वीज अगदी कमी खातो आणि तीनशे लोकांच्या लेखी फलकाला पुरतो. पण किमतीत फसगत होते. बोर्डाची किंमत ऐकून स्वस्त वाटतो, मग त्याला चांगला अडॅप्टर, डबी, पंखा आणि डिस्क घेता घेता आकडा छोट्या पीसीच्या जवळ जातो. दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात. एक, हा बोर्ड सहसा मेमरी कार्डावर चालवतात. सतत लिहिण्याने आणि अचानक वीज गेल्याने कार्ड खराब होतं, त्यामुळे नोंदी एसएसडीवरच ठेवाव्यात. दुसरं, मॉडेल ४ पर्यंतच्या बोर्डांत वेळ राखणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसताना वीज जाऊन आली की त्याची वेळ चुकते. ज्या फलकावर पाण्याच्या पाळीची नोंद राहणार, तिथे वेळ चुकली तर सगळंच मुसळ केरात. मॉडेल ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

चौथा पर्याय, जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच यूपीएस, ही मोठी सोय. पण वर्षानुवर्षं चार्जिंगला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगते आणि फुगलेली बॅटरी धोक्याची असते. लॅपटॉप वापरायचाच तर बॅटरी किती जुनी आहे ते बघावं, चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावावी, आणि यंत्र कागदांच्या गठ्ठ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नये.

पाचवा एक मोह असतो, शहरातल्या डेटा सेंटरमधून निघालेला लांबलचक, आडवा, खराखुरा सर्व्हर. पंधरा-वीस हजारांत मिळतो आणि दिसायला भारी असतो. त्याचे पंखे उफणणीच्या पंख्यासारखे ओरडतात आणि तो बसल्या जागी दीडशे वॉटच्या आसपास वीज ओढतो. गावातल्या खोलीत त्याचं काही काम नाही.

विजेचं बिल कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं

चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचा एक वॉट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढचा हिशोब तोंडी होतो. जुना डेस्कटॉप ६० वॉट धरला तर वर्षाला ५२५ युनिट. छोटा पीसी १२ वॉट धरला तर १०५ युनिट. रास्पबेरी पाय ५ वॉटला ४४ युनिट. तो आडवा सर्व्हर १५० वॉटला १,३०० युनिटच्या वर.

युनिटचा दर सोपा म्हणून दहा रुपये धरू. संस्थेच्या बिलावर जो असेल तो घालून बघावा. जुना डेस्कटॉप वर्षाला ५,२५० रुपये खातो, छोटा पीसी १,०५० रुपये, पाय ४४० रुपये. 'फुकट' डेस्कटॉप आणि विकतचा छोटा पीसी यांच्यात वर्षाला ४,२०० रुपयांचा फरक. तीन वर्षांत १२,६०० रुपये, म्हणजे छोट्या पीसीची किंमतच वसूल. सर्व्हर तर वर्षाला तेरा हजारांची वीज जाळणार. जुना डेस्कटॉप फेकून द्यायचा असं नाही. महिना-दोन महिने चाचणी म्हणून फलक त्याच्यावर चालवावा. लोक खरंच वापरतात का ते बघावं आणि मग खरेदी करावी.

फलक बसवून झाला की मॉनिटर, कीबोर्ड, माउस काढून ठेवले तरी चालतं. कामकाज दुसऱ्या संगणकावरून किंवा लॅपटॉपवरून करता येतं. मॉनिटर उगाच चालू राहिला तर छोट्या पीसीपेक्षा जास्त वीज तोच खातो.

पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

प्रोसेसरवर पैसा घालू नये. वर केलेल्या हिशोबात प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसतो. रॅम मात्र बेताची हवी. जुन्या पद्धतीचे हलके फलक एक जीबीतही चालतात, नव्या पद्धतीचे भरगच्च फलक दोन जीबी तरी मागतात. चार जीबी असली की भागतं, आठ असली की पुढची चिंता नाही. सोळा किंवा बत्तीस जीबीचा आग्रह कोणी धरला तर कशासाठी ते विचारावं.

एसएसडी मात्र हवीच. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला धक्का, धूळ आणि अचानक गेलेली वीज सोसत नाही, शिवाय अनेकांनी एकदम मागितलं की ती रेंगाळते. १२० किंवा २५६ जीबीची एसएसडी पुष्कळ झाली. वापरलेल्या यंत्रात जुनी एसएसडी असेल तर ती काढून नवी टाकावी. इथे हजार-दोन हजार वाचवण्यात अर्थ नाही. बाकीचं सगळं यंत्र बाजारात पुन्हा मिळतं, सभासदांच्या नोंदी मिळत नाहीत.

वीज जाते तेव्हा

गावात यंत्राचा पहिला शत्रू वीज. ती जाते हा एक भाग, आणि येताना कधी जास्त दाबाने येते हा दुसरा. जागा निवडताना खोली गावठाणाच्या फीडरवर आहे की शेतीपंपाच्या, हे पहिलं बघावं. शेतीपंपाच्या फीडरला दिवसाचे ठराविकच तास वीज असते आणि मोटारी चालू-बंद होताना दाब हलतो. फलकाचं यंत्र गावठाणाच्या फीडरवरच ठेवावं.

साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. कागदावर तिच्यात ८४ वॉट-तास असतात, प्रत्यक्षात निम्मे धरावेत. छोटा पीसी आणि राउटर मिळून २० वॉट. म्हणजे बॅटरी नवी असताना दीड-दोन तास निघतात. तोच यूपीएस जुन्या डेस्कटॉपला अर्ध्या तासात सोडतो. इथेही कमी वॉटचं यंत्रच फायद्यात. ही बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आत्ताच लिहून ठेवावा.

संस्थेकडे १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस नसला तरी चालेल. रात्रभराची वीज गेली तरी तो यंत्र आणि राउटर सहज ओढतो. मात्र इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि साधा असं बटण असतं, ते यूपीएसकडे असावं. नाहीतर वीज जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आणखी दोन गोष्टी फुकटात होतात. एक, यंत्राच्या बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' अशी सेटिंग असते, ती लावून घ्यावी. नाहीतर रात्री यूपीएस संपून यंत्र बंद पडलं की सकाळी कुलूप उघडेपर्यंत फलक बंद, आणि नेमकी त्याच रात्री कोणाची तरी पाळी असते. दुसरी गोष्ट अर्थिंग. वायरमनकडून मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब बघून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

लोकांनी जोडायचं कसं

फलक संस्थेच्या आवारातच बघायचा असेल तर इंटरनेटही लागत नाही. यंत्र आणि राउटर एका केबलने जोडले की आवारात आलेला कोणीही वाय-फायवरून फलक उघडू शकतो. घरगुती राउटरवर पंधरा-वीस फोन एकदम नीट चालतात. त्याहून जास्त गर्दी होत असेल तर दुसरा राउटर लावावा. ते महागड्या एका राउटरपेक्षा स्वस्त पडतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीत अडते. दगडी भिंत आणि पत्र्याचं छत दोन्ही लहरींना जड जातात.

केबल शंभर मीटरपेक्षा लांब टाकू नये. तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण सांध्यांना त्रास देते. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल उघड्यावरून नेली तर विजेचा झटका तिच्यातून दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. तिथे फायबर टाकावी. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती पाइपातूनच घ्यावी.

सभासदांना घरून, रानातून फलक बघायचा असेल तर मात्र इंटरनेट लागतं आणि इथे एक खाच आहे. बऱ्याच जोडण्यांत कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते. त्यामुळे बाहेरून कोणी आपल्या यंत्रापर्यंत थेट पोचू शकत नाही. स्वतंत्र पत्त्याला जादा पैसे पडतात आणि तो सगळीकडे मिळतोच असं नाही. यंत्र घेण्याआधी हे जोडणी देणाऱ्याला विचारावं. मिळत नसेल तर यंत्र घ्यायचंच कशाला, हाही विचार करावा. शहरातल्या मोठ्या यंत्रातली छोटी जागा महिन्याला काही शे रुपये भाड्याने मिळते. तीनशे सभासदांचा लेखी फलक त्यात बसतो, विजेची, उंदराची, विजा पडण्याची काळजी उरत नाही. भाडं थकलं तर मात्र फलक बंद होतो, आणि नोंदींची एक प्रत दर आठवड्याला आपल्याकडे उतरवून घ्यावीच लागते.

वापरलेलं यंत्र घेताना

दुकानात यंत्र चालू करूनच घ्यावं, नुसता डबा बघून घेऊ नये. बायोसला पासवर्ड लावलेला आहे का ते आधी बघावं. जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंगच लावता येणार नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात ती किती तास चालली आहे ते दिसतं. अडॅप्टर त्याच यंत्राचा आणि तेवढ्याच वॉटचा आहे का ते पाहावं. नाक्यावरचा डुप्लिकेट अडॅप्टर यंत्र घेऊन जातो. झाकण उघडून धूळ आणि पंखा बघावा. तारीख आणि वेळ टिकत नसेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती थोडक्या पैशांत बदलते, पण दुकानदाराकडूनच बदलून घ्यावी. अर्धा तास चालू ठेवून हात लावून बघावं, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. पक्कं बिल आणि निदान तीन महिन्यांची हमी लेखी घ्यावी. संस्थेच्या लेखापरीक्षणात बिलाशिवाय काही चालत नाही.

एकूण किती?

समजा, छोटा पीसी १२,०००, नवी एसएसडी धरायची तर २,००० च्या आसपास, यूपीएस ३,०००, राउटर १,५००, केबल आणि पाइप ५००, नोंदींच्या प्रतीसाठी दोन पेनड्राइव्ह ८००. बेरीज १९,८००. वर्षाचा चालू खर्च म्हणजे राउटरसकट वीज दीड-दोन हजार, आणि बॅटरी बदलायला दरवर्षी पाचेकशे बाजूला. ३०० सभासदांत वाटलं तर उभारणीला माणशी ६६ रुपये पडतात. किमती दुकानागणिक बदलतील, पण कोटेशन याच्या तिप्पट-चौपट आलं तर प्रत्येक ओळ समजावून मागायचा हक्क कमिटीला आहे.

पेनड्राइव्ह दोन का, तर एका आठवड्याची प्रत एकावर, पुढच्या आठवड्याची दुसऱ्यावर. त्यातला एक कायम संस्थेबाहेर, दुसऱ्या घरात असावा. खोलीत पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर दोन्ही एकत्र जायला नकोत. सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून फलक दुसऱ्या संगणकावर उभा करून बघावा. प्रत घेतली जाते पण ती उघडतच नाही, हे गरजेच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

शेवटचं काम पैशाचं नाही. यंत्राचा मुख्य पासवर्ड एकाच हुशार पोराच्या डोक्यात असेल, तर तो नोकरीला पुण्याला गेला की फलक मुका होतो. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, सचिवाच्या तिजोरीत ठेवावा आणि ठेवल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. सभासदांचे फोन नंबर आणि जमिनीचे तपशील फलकावर उघडे दिसणार नाहीत, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावं.

राज्यात २००५ च्या कायद्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्यायची तरतूद झाली आणि पाणी मोजून देण्याची पद्धत आली. पाणी मोजून घ्यायचं तर पाळीही लिहूनच ठेवावी लागणार. रब्बीचं पहिलं आवर्तन सुटायच्या आत, जुन्या डेस्कटॉपवर का होईना, चाचणी सुरू केली तर उन्हाळी पाळ्यांच्या वेळी, जेव्हा खरी ओढाताण असते, तेव्हा संस्थेला यंत्र किती मोठं लागतं ते कोणाला विचारावं लागणार नाही. ते तिच्याच नोंदींत लिहिलेलं असेल.